मार्थाक्काला कोणी सांगितलं नाही

मार्थाक्का गेल्याचं मला एका पोस्टकार्डावरून कळलं, आणि ते कार्डही तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. निपाणीच्या पाळकांनी बाकांविषयी विचारलं होतं. बेळगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत चार बाकं जादा असतील तर निपाणीला धाडावीत, असा मजकूर. तो संपल्यावर खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, बारीक अक्षरात एक ओळ होती : दवाखान्यातील मार्थाबाई गेल्या आठवड्यात वारल्या, कळावे. ते दिवस झेंड्यांचे होते. गोऱ्यांचं राज्य गेलं म्हणून गल्लोगल्ली साखर वाटली जात होती, आमच्या मुली नवी गाणी बसवत होत्या. मी कार्ड घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. तिला पुरून आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत मी जेवले होते, हसले होते, मुलींच्या गाण्यावर ताल धरला होता…

ती माझ्या नात्यातली नव्हती. माझे आप्पा निपाणीच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही त्याच आवारात राहायचो आणि मार्थाक्काची खोली आमच्या भिंतीला लागून होती. तिच्यावर कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते आहे. तिनं मला माया लावली, असं मात्र मी लिहिणार नाही. तिनं मला जे लावलं ते वेगळं होतं, आणि ते मी ओढवून घेतलेलं होतं.

तिचं मूळचं नाव तानी. निपाणीपासून दोन कोसांवरच्या खेड्यातली. नवरा वखारीतली तंबाखूची पोती गाडीनं वाहायचा. प्लेगात गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं, तिथं नवऱ्याच्या जांघेत गाठ आली, आणि सासरच्यांनी त्याला, हिला आणि हिच्या कडेवरच्या पोरीला तिथंच ठेवून आपल्या झोपड्या लांब हलवल्या. नवरा मेल्यावर दोन दिवस ती मढ्याशेजारी पोर घेऊन बसून होती. तिथून तिला आणलं ते मिसबाईंनी. मिसबाई म्हणजे दवाखान्याच्या गोऱ्या बाई. त्यांना नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. प्लेगात जिथं सख्खा भाऊ फिरकत नव्हता तिथं ही बाई स्वतःच्या हातानं गाठी कापायची, मढी उचलायला खांदा द्यायची. हे खरं आहे, आणि पुढं जे सांगणार आहे तेही खरं आहे. तानीचा बाप्तिस्मा झाला, ती मार्था झाली, दवाखान्यात बाळंतिणींचं बघायला शिकली. पोरीचं नाव सुंदरा होतं ते तसंच राहिलं. सुंदरा आणि मी एकाच वयाच्या, एका ताटात जेवणाऱ्या.

दर काही वर्षांनी मिसबाई सुटीवर मायदेशी जात आणि तिकडच्या गावोगावच्या चर्चांमधून सभा घेत. इकडच्या दुखण्यांची माहिती सांगायची, म्हणजे तिकडून मदत येते, सेवेला नवी माणसं येतात. आम्ही नऊ वर्षांच्या होतो तेव्हा त्यांनी मार्थाक्काला बरोबर न्यायचं ठरवलं. लोकांना नुसतं ऐकवण्यापेक्षा समोर उभं केलेलं माणूस दाखवावं, असा त्यांचा विचार. पहिलं महायुद्ध अजून लागायचं होतं.

"पोरीला संगं घिऊ द्या की मिसबाई," मार्थाक्का म्हणाली. "ती माझ्याबिगर ऱ्हाईत न्हाय."

"बोटीवर मुलं आजारी पडतात, मार्था. इथं ती सुखरूप राहील. सहा महिन्यांत आपण परत."

सहा महिन्यांचं सव्वा वर्ष झालं. मार्थाक्का जाताना सुंदराला आमच्या आईच्या ओटीत घालून गेली. टांगा हलला तेव्हा सुंदरा रडली नाही, तिचं लक्ष घोड्याकडे होतं. त्याचं मार्थाक्काला वाईट वाटलं असणार, कारण ती टांग्यातून वळून वळून बघत होती.

दर महिन्याला पत्र जायचं. सुंदराला अक्षरं यायची, पण एका ओळीला ती दुपार लावायची, म्हणून ती सांगायची आणि मी लिहायची. शेळीला दोन करडं झाली. रुतनं मला ढकललं. तू कवा येणार… अशी पत्रं. रुत म्हणजे मीच. पावसाळ्याच्या शेवटी गावात घटसर्प आला. वखारीत काम करणाऱ्या बायकांची पोरं पटापट गेली, आणि मग तो आमच्या आवारात शिरला. मला काही झालं नाही. सुंदराचा घसा धरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आप्पांनी आणि पाळकांनी तिला चर्चमागच्या जागेत पुरलं.

आप्पांनी मिसबाईंना लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. ते आप्पांनी आईला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथंच ज्वारी निवडत बसले होते. मिसबाईंनी लिहिलं होतं, ही बातमी ऐकून मला अतोनात दुःख झालं. पण मार्थाला सांगू नये. अजून पुष्कळ सभा ठरलेल्या आहेत. तिला कळलं तर ती उभी राहू शकणार नाही आणि तिला एकटीला परत पाठवता येणार नाही. ती रोज पत्राची वाट बघते, तेव्हा मुलीची पत्रं पूर्वीसारखी येत राहावीत.

"त्या माउलीचा तळतळाट लागंल आपल्याला," आई म्हणाली.

"आणि इथनं हाकलल्यावर जायचं कुठं?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी मला बोलावलं.

पहिलं पत्र त्यांनी सांगितलं. करडं मोठी झाली असं लिही, पाऊस उघडला असं लिही. दुसऱ्या पत्रापासून त्यांना सांगावं लागलं नाही. मला ते यायला लागलं… आणि खरं सांगायचं तर त्यात गोडी वाटायला लागली. मला सुंदरासारखं बोलता यायचं. तिच्या भांडणांत मी माझी भांडणं घातली, माझ्या ओंजळीतली चिंचा-बोरं तिची केली. माझा एक दात पडला तेव्हा लिहिलं, माझा दात पडला, आता मला भाकरी चावत नाही. उत्तरात मार्थाक्कानं वेड्यावाकड्या अक्षरांत विचारलं, नवा आला का? मी लिहिलं, अजून नाही.

त्या परत आल्या तेव्हा मिसबाई कोल्हापुरात दोन दिवस थांबल्या. स्टेशनावर आणायला गेलेल्या आप्पांना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, तुम्ही सांगा, तुमच्या भाषेत तिला बरं कळेल. आप्पांनी कागलपर्यंत सांगितलं नाही. कागल मागं पडल्यावरही सांगितलं नाही. सगळ्या वाटेवर मार्थाक्का सुंदराबद्दलच बोलत होती, ते तिला थांबवू शकले नाहीत, असं ते पुढं म्हणायचे. टांगा आवारात शिरला तेव्हा शाळेच्या मुली ओळीनं उभ्या राहून स्वागताचं गीत म्हणत होत्या. तशी आज्ञाच होती. मीही ओळीत होते, आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्थाक्का खाली उतरली. अंगानं भरली होती, पायांत बूट होते. ती हसत ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली. मग पुन्हा उलटी बघत आली. गाणं चालूच होतं. माझ्यासमोर येऊन ती थांबली.

"सुंदरा कुठं हाय गं, रुते?"

मी आप्पांकडे बघितलं. ते टांग्यातलं सामान काढत होते, वर बघत नव्हते.

"ती मेली," मी म्हटलं. "पत्रं मी लिहीत हुते."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. अंगठ्यानं माझा ओठ उचलला. नवा दात अर्धाच आला होता, त्यावरून तिनं बोट फिरवलं. "त्यो तुझा दात हुता व्हय," ती म्हणाली. एवढंच. गाणाऱ्या मुली एकेक करून गप्प झाल्या.

तिकडच्या बायांनी सुंदरासाठी लाल लोकरीची टोपी विणून दिली होती. दुसऱ्या दिवशी मार्थाक्का ती घेऊन आमच्या दारात आली आणि माझ्या डोक्यावर घालून डोळ्यांपर्यंत खाली ओढली. "पत्रं तू लिवलीस, टोपी तुझी. काढलीस तर बग." चैत्र-वैशाखाचं ऊन होतं. मी शाळेत, उपासनेत, विहिरीवर ती टोपी घालून फिरले. डोक्यात घामोळं उठून त्याची गळवं झाली, तेव्हा आप्पांनी माझे केस भादरले आणि औषध लावलं, पण टोपी काढ म्हणाले नाहीत. औषध लावून झालं की तीच टोपी पुन्हा घालायचे. पावसाळा लागल्यावर एक दिवस मार्थाक्कानं स्वतःच ती काढली आणि चुलीत घातली.

मधे ती भावाकडे जाऊन आली होती. भावानं दाराबाहेर बसवलं. वहिनीनं पाणी दिलं ते लांबून, ओंजळीत वरून ओतून. "आता माझी पोरगी बी न्हाय, एकटीच हाय, घरात घ्या की," मार्थाक्का म्हणाली. भाऊ म्हणाला, "तू साहेबाच्या देशात जाऊन काय काय खाल्लंस कुणाला ठावं. आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत." संध्याकाळच्या आत ती दोन कोस चालून परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात बाळंतिणीला गरम पाणी द्यायला उभी राहिली. मिसबाईंनी तिच्यासमोर गुडघे टेकून प्रार्थना केली. ती उभीच राहिली. पुढं पंचवीस-तीस वर्षं ती त्याच दवाखान्यात होती. शेकड्यांनी पोरं तिच्या हातावर जन्मली असतील. बायका तिला घाबरायच्या, कारण ती ओरडणाऱ्या बाळंतिणीला थोबाडीत द्यायची, पण अडलेली बाई असली की बैलगाड्या चिकोडीवरूनसुद्धा तिच्याकडेच यायच्या. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. मी बेळगावला शिकून आले, मिशनच्या शाळेत मास्तरीण झाले, तरीही.

एका उन्हाळ्यात मिसबाईंच्या बंगल्यात कपाटाला वाळवी लागली. पुस्तकं उन्हात घालायला मला बोलावलं. त्यात तिकडच्या चर्चमंडळीच्या मासिकाचे जुने अंक होते, आणि एका अंकात मार्थाक्काचा फोटो. अनवाणी, फाटकं लुगडं. असं लुगडं तिनं आवारात कधी नेसलेलं मी पाहिलं नव्हतं. खाली मिसबाईंनी लिहिलेला वृत्तांत होता. मी तो कपाटाला टेकून वाचला.

सुंदरा गेल्याची बातमी मिसबाईंनी मार्थाक्कापासून लपवली होती, पण सभांतून लपवली नव्हती. त्या व्यासपीठावरून सांगायच्या, की हिची एकुलती एक मुलगी औषधावाचून गेली आहे आणि या गरीब आईला ते अजून ठाऊक नाही. आमच्याकडे पुरेशी औषधं असती तर… असं. मार्थाक्का शेजारीच उभी असायची. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तिला हसरा चेहरा ठेवायला सांगितलेलं होतं. ती हसत उभी होती, आणि सभागृहात रडली नाही अशी एक बाई नव्हती, असं मिसबाईंनी मोठ्या भक्तिभावानं लिहिलं होतं.

मी त्याच दुपारी अंक पदराखाली घालून मार्थाक्काकडे गेले. तिला खरं कळावं म्हणून गेले, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते. ते तसं नव्हतं. माझ्यापेक्षा मोठी गुन्हेगार कोण ते तिला दाखवायचं होतं. माझी सुटका करून घ्यायची होती.

तिनं दोनदा मराठीत वाचून घेतलं. मग बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिली.

"मी दोन शब्द बोलले की मिसबाई धा बोलायच्या," ती म्हणाली. "मला वाटायचं, इंग्रजीत लांबत आसंल. एका गावात एक म्हातारी हुती. सभा झाल्यावर माझं दोनी हात धरून रडाय लागली. मला वाटलं, पोरीचं इचारती. मी हात असा करून दावला, एवढी हाय म्हणून. एवढी, आता वाढली आसंल म्हणून आनी थोडा वर न्हेला… तर ती बाई खालीच बसली. मी हसतच हुते गं. मी तिला पानी दिलं."

मी रडायला लागले. तिनं सूप बाजूला ठेवलं. "तू कशाला रडतीस? जा, कपाट लावून ये. आनी पुस्तक जागच्या जागी ठेव." चार वाजले होते. मिसबाईंचा चहा ती घेऊन जायची, तो त्या दिवशीही घेऊन गेली.

त्यानंतर किती वर्षं गेली. दुसरं महायुद्ध लागलं आणि मिसबाईंना अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, वाचा गेली. बोटी बंद होत्या, मायदेशी नेणं शक्य नव्हतं. त्यांचं सगळं मार्थाक्कानं केलं. दुसऱ्या कुणाच्या हातून त्या पेज घ्यायच्या नाहीत. ती त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, एवढ्या महिन्यांत पाठीला एक जखम झाली नाही. पण मी तिला त्यांच्याशी एक शब्द बोलताना ऐकलं नाही. मला त्या खोलीत जायची भीती वाटायची.

एक दिवस विलायतेचं पत्र आलं. मिसबाईंची धाकटी बहीण, त्यांचं उरलेलं एकच माणूस, बाँब पडून घराखाली सापडून गेली होती. नव्या डॉक्टरांनी बजावलं, यांना सांगायचं नाही, हृदय झेपायचं नाही. पाळकही तेच म्हणाले. मार्थाक्कानं मला व्हरांड्यात गाठलं.

"काय लिवलंय?"

मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ती तशीच वळून आत गेली. मी दारापर्यंत धावले, "आक्का, नको," म्हणाले, पण ती थांबली नाही.

ती पलंगाशी उभी राहिली. "मिसबाई, तुमची भन गेली. बाँब पडला. घराखाली सापडली." सावकाश, एकेक शब्द सुटा, बहिऱ्याला सांगावं तसं. मिसबाईंचा एकच डोळा हलायचा, तो तिच्यावर ठरला. मग त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकू नये. चालत्या हातानं त्यांनी मार्थाक्काचं लुगडं धरलं. तिनं तो हात सोडवला नाही, त्यावर आपला हात ठेवलाही नाही. दिवस मावळेपर्यंत ती तशीच उभी होती. त्यानंतर मिसबाईंनी पेज घेतली नाही. दहाव्या दिवशी त्या गेल्या.

डॉक्टरांनी तिला आवारातल्या सगळ्यांसमोर खुनी म्हटलं. मंडळीनं तिला दवाखान्यातून काढलं, चर्चमधे मागच्या बाकावर बसवलं आणि राहायला औषधांच्या रिकाम्या खोक्यांची खोली दिली. मी एकदा विचारलं, "आक्का, रागानं सांगितलंस का?"

"राग हुता," ती म्हणाली. "पर तिच्या तोंडाकडं बगून गेलेवते. तिला वाटत हुतं भन पत्र का लिवत न्हाय. रोज दाराकडं बगायची." मग म्हणाली, "दोनी हुतं. मला न्हाय सांगता येत." मला तिचं खरं वाटलं. आजही वाटतं, आणि तरी त्या दहा दिवसांचा हिशेब मला लागत नाही.

पुढं माझी बदली बेळगावच्या शाळेत झाली. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मी निपाणीला गेले तेव्हा ती खाटेला खिळली होती. खोलीत अजून औषधांचा वास होता. मी येणार हे तिला आधी कळलं असावं, कारण तिनं मला बसू दिलं आणि कुठलीही प्रस्तावना न करता विचारलं,

"सुंदरा मरताना काय म्हनली?"

एवढ्या वर्षांत तिनं हे मला एकदाही विचारलं नव्हतं. मी एक उत्तर तयार करून ठेवलं होतं, लहानपणापासून. तुझं नाव घेतलं, आईला बोलवा म्हणाली… ते जिभेवर आलं होतं. म्हातारीला बरं वाटलं असतं.

"काहीच म्हणाली नाही," मी म्हटलं. "घसा बंद झाला होता. आप्पा काडीनं घशाला औषध लावत होते आणि मी तिचं डोकं धरलं होतं. तिला ते नको होतं. ती मला चावली."

"कुठं?"

मी हात पुढं केला. अंगठ्याच्या खाली तळव्याच्या कडेला बारीक पांढरे दोन चंद्र आहेत, कुणाच्या लक्षात येत नाहीत. तिनं माझा हात खिडकीच्या उजेडाकडे नेला. तिची नजर अधू झाली होती, म्हणून तिनं नखानं चाचपून पाहिलं, एकेक दात मोजल्यासारखं.

"लई जोरात चावली व्हय?"

"व्हय. रक्त आलंवतं."

तिनं हात सोडला नाही. तो उचलून आपल्या तोंडाशी नेला. मला वाटलं ती मुका घेणार. तिनं तोंड उघडलं, त्या खुणेवर आपल्या बोळक्या हिरड्या ठेवल्या आणि होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून दाबल्या. दुखलं नाही. मी हात काढून घेतला नाही.